कोणत्या हंगामात कोणती कादंबरी: खान्देशातील वाचकासाठी

पावसाळा आला की खिडकीजवळ खुर्ची ओढावी, चहा घ्यावा आणि कादंबरी उघडावी, हे चित्र मुंबई-पुण्याच्या वाचकाने रंगवलेले आहे. खान्देशात जून ते सप्टेंबर या काळात पेरणी, निंदणी, कोळपणी, खताच्या पाळ्या आणि फवारण्या यांतून घराला उसंत मिळत नाही. ज्यांची शेती नाही त्यांचे दुकान, दवाखाना आणि शाळाही याच वेळापत्रकाला बांधलेली असते. आपल्याकडे सलग वाचनाचा मोकळा काळ येतो तो होळीनंतर, जेव्हा जळगाव-भुसावळच्या बाजूला पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी बारापासून पाचपर्यंत रस्त्यावर माणूस दिसत नाही. म्हणून कोणत्या ऋतूत काय वाचावे, हे ठरवताना हवामानाच्या रम्यतेकडे पाहण्यापेक्षा त्या ऋतूत किती वेळ आणि कोणत्या प्रकारचा वेळ हाती लागतो, याकडे पाहावे, असे माझे मत आहे. सलग तीन तास मिळत असतील तर एका प्रकारची कादंबरी चालते. रात्री जेवणानंतरचा अर्धा तासच उरत असेल तर दुसऱ्या प्रकारची. आणि हात कामात गुंतलेले असून कान मोकळे असतील तर वेगळीच सोय करावी लागते.

उन्हाळा: जाड कादंबरीचा हंगाम

मार्च सरता सरता गहू-हरभरा घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात आणि मृगापर्यंत शेतात फारसे काही करता येत नाही. रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागायतदार याला अपवाद आहेत. त्यांच्या बागांना याच दिवसांत पाणी आणि वाऱ्यापासून आडोसा सर्वांत जास्त लागतो. बाकीच्यांनी मात्र वर्षभर मागे ठेवलेली पाचशे-सहाशे पानांची कादंबरी याच काळात काढावी. जाड कादंबरी वाचताना लोक अडखळतात ते बहुधा तिच्या लांबीमुळे नव्हे. पहिली शंभर पाने तुकड्या-तुकड्यांनी वाचल्यामुळे माणसे, नाती आणि काळ यांची डोक्यात सांगड बसत नाही, हे खरे कारण असते. तेव्हा पहिली शंभर पाने लागोपाठच्या दोन-तीन दुपारींत संपवावीत आणि पात्रे पुष्कळ असतील तर एका कोऱ्या पोस्टकार्डावर त्यांची नावे व नाती लिहून ते कार्ड खूण म्हणून पुस्तकातच ठेवावे. त्यानंतर लग्नसराईमुळे चार-पाच दिवसांचा खंड पडला तरी धागा तुटत नाही. खंड पडणारच, कारण आपल्याकडे उन्हाळ्यातील निम्मी दुपार हळदीत आणि निम्मी वरातीच्या तयारीत जाते.

या हंगामासाठी नेमके नाव हवे असेल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ ही २०१० साली आलेली, सहाशे पानांच्या आसपासची कादंबरी घ्यावी. नेमाड्यांचा जन्म यावल तालुक्यातील सांगवीचा, आणि या कादंबरीतील गाव, शेती, भावकी व बोली खान्देशी वाचकाला टिपांशिवाय कळते. पुण्याच्या वाचकाला जिथे थांबून विचारावे लागते तिथे आपण सरळ पुढे जातो. मात्र नेमाडे यापूर्वी वाचलेच नसतील तर आधी १९६३ची ‘कोसला’ वाचावी. खान्देशातील खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची ही हकिकत एका आठवड्याच्या दुपारींत सहज संपते आणि लेखकाचा तिरकस सूर कानात बसवून देते. नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांना मी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ सुचवेन. धरणाखाली गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाची ही कथा आहे आणि तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. ती सातपुड्यातील गावांवर लिहिलेली नाही. पण सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गावे उठलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिच्यातील सरकारी कचेऱ्या, पंचनामे आणि ताटकळणारी माणसे ओळखीची वाटतील.

उन्हाळ्याचा आणखी एक फायदा आखाजीमुळे होतो. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, सुरत-पुण्याला स्थायिक झालेली मंडळी सुट्टीसाठी गावी येतात आणि बॅगेत मिठाईचा पुडा असतोच. त्यांना निघण्यापूर्वी फोन करून सांगावे की मिठाईबरोबर स्वतःला आवडलेली एक कादंबरी आणा आणि परत जाताना आमच्याकडची एक घेऊन जा. या देवाणघेवाणीत पुस्तक देणारा माणूस समोर असतो, त्याला हे पुस्तक का आवडले ते विचारता येते. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून बसल्यावर कोणी कादंबरीची गोष्ट सांगू लागले, तर ती कितपत रंगते यावरूनच ती वाचायची की नाही हे निम्मे ठरते.

नवी कादंबरी सापडते कशी

गावात पुस्तकांचे चांगले दुकान नाही, ही तक्रार खरी आहे. तालुक्याच्या ठिकाणी मिळतात ती पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि स्पर्धा परीक्षांचे संच. त्यामुळे शोधाची सुरुवात वाचनालयापासून करावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा आहे आणि शासनमान्य वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली असतात. आपल्या गावचे वाचनालय ‘ड’ वर्गात असेल तर तेथे नवी कादंबरी कमी दिसेल. अशा वेळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या वाचनालयाचे सभासदत्वही घ्यावे आणि कामानिमित्त जाणे होते त्या दिवशी पुस्तक बदलावे. अनामत आणि मासिक वर्गणी मिळून येणारा खर्च एका नव्या कादंबरीच्या किमतीपेक्षा फारसा जास्त नसतो.

वाचनालयात गेल्यावर कपाटाकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, नुकत्याच दाखल झालेल्या पुस्तकांची नोंद असलेली वही; ग्रंथपालांनी हरकत घेतली नाही तर तिची शेवटची चार पाने चाळावीत. दुसरी, पुस्तकाच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. ही चिठ्ठी फार बोलकी असते. एखादी कादंबरी आली त्या वर्षी वीस वेळा बाहेर गेली आणि नंतर तिला कोणी हात लावला नाही, तर तिचा गाजावाजा मोठा होता एवढेच समजावे. पण जी कादंबरी दर दोन-तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षे, संथपणे बाहेर जात राहिली आहे, ती वाचणाऱ्याने दुसऱ्याला तोंडी सांगितलेली असते. असे पुस्तक बेधडक घ्यावे. जिथे संगणकीकरणामुळे चिठ्ठ्या गेल्या आहेत तिथे हाच प्रश्न ग्रंथपालांना विचारावा, मात्र ‘चांगली कादंबरी द्या’ असे म्हणू नये. ‘मला अमुक आवडली, ती नेणारे लोक पुढे काय नेतात?’ असे विचारले तर उपयोगी उत्तर मिळते.

पुस्तक हाती घेतल्यावर मलपृष्ठावरचा मजकूर वाचण्यात वेळ घालवू नये, तो स्तुतीसाठीच लिहिलेला असतो. पहिले पान वाचावे, मग मधले एखादे असे पान काढावे ज्यावर दोन माणसे बोलत आहेत. सगळी माणसे एकाच छापील भाषेत बोलत असतील आणि आईचे वाक्य मुलाच्या तोंडी घातले तरी फरक पडत नसेल, तर पुस्तक परत ठेवायला हरकत नाही. संवाद जिवंत असलेली कादंबरी पुढे मंद झाली तरी हातातून सुटत नाही. हा माझा निकष सर्वांना मान्य होणार नाही, निवेदनाच्या बळावर उभ्या असलेल्या काही उत्तम कादंबऱ्या त्यात नापास होतात. पण दहा मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो तेव्हा याहून भरवशाचा निकष मला सापडलेला नाही.

एक आवडलेली कादंबरी पुढच्या कादंबरीचा पत्ता तिच्यातच देते. लेखकाचे मनोगत, अर्पणपत्रिका आणि आभाराची पाने बहुतेक वाचक ओलांडतात. तिथे लेखक कोणाचे हस्तलिखितावरील मत मोलाचे मानतो आणि कोणत्या पूर्वसुरींचे ऋण मान्य करतो, ते दिसते. शेवटच्या पानांवर प्रकाशकाची यादी असते. अनुवादित कादंबरी आवडली तर मूळ लेखकाइतकेच अनुवादकाचे नाव लक्षात ठेवावे. कन्नडमधील भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांचे नाव पाहून पुस्तक उचलणारे वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच करतात. कारण चांगला अनुवादक कोणते पुस्तक घ्यायचे हे निवडतानाच वाचकाचे अर्धे काम करून ठेवतो.

पुरस्कारांच्या याद्यांचा उपयोग मर्यादित पण निश्चित आहे. साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार २०२० ते २०२३ या चार वर्षांत तीनदा कादंबरीला मिळाला: नंदा खरे यांची ‘उद्या’, प्रवीण बांदेकर यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. नंदा खरे यांनी पुरस्कार स्वीकारला नाही, परंतु निवडीमुळे कादंबरी अनेकांच्या नजरेस आली. अशा नावांची नोंद ठेवावी आणि वाचनालयात मागणी नोंदवावी. पुस्तके खरेदी करताना कोणती घ्यावीत हे ठरवणाऱ्यांना सभासदांची लेखी मागणी हाताशी असली तर सोयीचे जाते, आणि चार सभासदांनी एकच नाव लिहिले तर ते पुस्तक येण्याची शक्यता खूपच वाढते. तोंडी मागणी मात्र ग्रंथपालांच्या लक्षात राहीलच असे नाही.

पावसाळा: लहान पुस्तके आणि रोज एक प्रकरण

पेरणीनंतर रात्री डोळे मिटत असताना जाड कादंबरी उघडणे म्हणजे तीच तीन पाने आठवडाभर वाचणे होय. या दिवसांसाठी दीडशे पानांच्या आतली, किंवा स्वतंत्र प्रकरणांत विभागलेली कादंबरी निवडावी. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ या मापात अचूक बसते. तिच्यातला पावसाकडे डोळे लावून बसलेला गाव जुलैच्या उघडिपीत, दुबार पेरणीच्या धास्तीत वाचला म्हणजे काळजात उतरतो. मोठीच कादंबरी हवी असेल तर जुन्या नियतकालिकांतून क्रमशः छापून आलेल्यांकडे वळावे, कारण त्यांची प्रकरणे हप्त्याच्या मापाने लिहिलेली असतात. हरिभाऊ आपटे यांनी १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिक चालवले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातूनच वाचकांपुढे आली. हरिभाऊंचा जन्म १८६४ साली आपल्या पारोळ्याला झाला, हे पारोळ्यातील अनेकांनाही ठाऊक नसते. रोज एक प्रकरण, तेही शक्य असल्यास मोठ्याने, अशा चालीने ही कादंबरी श्रावण संपेपर्यंत पुरते. जुन्या वळणाची भाषा पहिले चार-पाच दिवस जड जाते, पुढे नायिका यमूचे बोलणे घरातल्याच कोणा मोठ्या बाईचे वाटू लागते.

अशा जुन्या पुस्तकांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे हरिभाऊंचे आणि १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचेही लेखन आज खुले आहे. मराठी विकिस्रोतावर अशी खुली झालेली पुस्तके मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. मुले घरात असतील तर गुरुजींची ‘श्यामची आई’ पावसाळी रात्रींसाठी काढावी. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच मोजलेली आहेत. दर रात्री एक, याहून जास्त वाचू नये. मुलांनी हट्ट केला तरी नाही.

पावसाळ्यात पुस्तकांचीही काळजी घ्यावी लागते. धाब्याच्या घरात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये, चार बोटे अंतर ठेवावे. वाळलेला कडुलिंबाचा पाला पुस्तकांमागे पसरावा आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तके उघडून सावलीत वारा द्यावा. थेट उन्हात ठेवल्यास बांधणीचा डिंक सुटतो.

दिवाळी अंकांतून कादंबरीकडे

दसऱ्यापासून कापूस घरात येऊ लागतो आणि त्याच सुमारास दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा चालू आहे आणि नवे कादंबरीकार हेरण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. अंकांत आगामी कादंबरीतील एखादे प्रकरण किंवा पूर्ण लघुकादंबरी असते. अंक वाचताना जवळ वही ठेवावी आणि ज्याची कथा किंवा प्रकरण आवडले त्याचे नाव लिहावे. पुढील वर्षभरात त्या नावाचे पुस्तक आले की आपल्याला आधीच माहिती असते. अनेक वाचनालये दिवाळीनंतर काही महिने ठरावीक वर्गणीत अंक फिरवतात. ही योजना घ्यावीच, मात्र विनोदी आणि भविष्याचे अंक सर्वांत आधी पळवले जातात, तेवढा काळ साहित्यविषयक अंक मोकळे असतात, हे ध्यानात ठेवावे.

हिवाळा: ऐकण्याची आणि बोलण्याची वेळ

वेचणीच्या दिवसांत हात दिवसभर कपाशीत असतात, आणि रब्बीला पाणी द्यायला वीज बहुधा रात्री मिळते. पुस्तक धरण्याची सोय नाही, पण ऐकता येते. मराठी श्राव्य कादंबऱ्या आता मोबाइलवर मिळतात. ऐकण्यासाठी संवादप्रधान, बोलीभाषेतील आणि कमी पात्रांची कादंबरी घ्यावी. काळ मागेपुढे करणारी, गुंतागुंतीची रचना ऐकताना निसटते. रात्री पाणी देताना पंपावर एकटे बसलेल्या माणसाने रहस्यकथा लावावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बोलीतील कादंबऱ्यांना एरवीही याच ऋतूत न्याय मिळतो, कारण त्या चारचौघांत मोठ्याने वाचाव्या लागतात. उद्धव शेळके यांची १९६०ची ‘धग’ वऱ्हाडीत आहे. मुक्ताईनगर-बोदवडच्या वाचकाला ती जवळची, साक्री-शिरपूरच्या वाचकाला थोडी दूरची वाटेल. पण तिची नायिका कौतिक हिचे बोलणे अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या आजीसमोर वाचून पाहावे. अडलेल्या शब्दांपैकी बरेचसे ती लगेच सोडवते, वर आपल्याकडचा प्रतिशब्दही देते. भरीत-पुरीसाठी शेतात जमतो त्या दिवशी, वांगी भाजून होईपर्यंतच्या वेळात असे एखादे प्रकरण सहज वाचून होते. कळण्याच्या भाकरीचा विषय निघाला की मग वाचन थांबवावे, कोणी ऐकत नाही.

ग्रंथोत्सव, प्रदर्शने आणि संमेलनेही प्रायः याच थंडीत भरतात. अमळनेरला १९५२नंतर फेब्रुवारी २०२४मध्ये पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अशा ठिकाणी लहान प्रकाशकांच्या गाळ्यांपासून सुरुवात करावी. मोठ्या प्रकाशकांची पुस्तके एरवी घरपोच मागवता येतात, लहानांची गावाकडे पोहोचतच नाहीत. पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नये, फक्त नावे टिपावीत आणि दोन पाने वाचून पाहावीत. खरेदी दुसऱ्या फेरीत करावी.

खरेदीच्या पैशांसाठी भिशी हा आपल्या अंगवळणी पडलेला मार्ग आहे. दहा जणांनी दरमहा शंभर रुपये काढले तर हजार रुपये जमतात आणि त्यात दोन-तीन कादंबऱ्या येतात. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुस्तके निवडावीत, ती दहाही जणांत फिरावीत आणि शेवटी निवडणाऱ्याच्या घरी कायमची राहावीत. एवढा नियम केला तर माणूस निवड गांभीर्याने करतो, कारण वाईट पुस्तक त्याच्याच कपाटात येणार असते. एकाने पुस्तक जास्तीत जास्त किती दिवस ठेवायचे, हे मात्र हंगाम पाहून ठरवावे: एप्रिल-मेमध्ये दहा दिवस पुरतात, जुलैमध्ये महिना द्यावा लागतो, आणि वेचणी ऐन भरात असताना पुस्तक मागायला कोणाच्या दारी जाऊच नये.